शेवट ठाऊक असतो, मग वाचायचं काय?

डोंबिवलीत आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून एक खासगी वाचनालय होतं. एका वेळी एक पुस्तक आणि एक मासिक. मराठी कादंबऱ्या पुढच्या कपाटात, आणि मिल्स अँड बून या इंग्रजी प्रकाशनाच्या प्रेमकादंबऱ्या मागच्या बाजूला पत्र्याच्या रॅकवर. त्या पुस्तकांच्या शेवटच्या पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं बारीक खुणा असायच्या. कुणाची आद्याक्षरं, कुणाचा एक गोल, कुणाची चांदणी. मुखपृष्ठं आणि नावं एकमेकांत मिसळून जायची, म्हणून वाचून झालेलं पुस्तक पुन्हा घरी जाऊ नये यासाठी बायकांनी केलेली ती सोय होती.

मी दहावी-अकरावीत असेन. एका काकूंना मी तिथं उभ्याउभ्या शेवटची दोन पानं वाचताना पाहिलं. वाचून झाल्यावर त्यांनी पुस्तक पिशवीत टाकलं. मला राहवलं नाही. म्हटलं, "काकू, शेवट तर वाचलात, आता राहिलं काय?" त्या म्हणाल्या, "अगं, आता निवांत वाचता येईल."

तेव्हा मला ते कळलं नव्हतं. पुढची पंचवीस-तीस वर्षं मी स्वतः प्रेमकादंबऱ्या वाचत आले, बहुतेक इंग्रजी, आणि 'शेवटी एकत्रच येणार ना, मग वाचतेस कशाला?' हा प्रश्न मला नातेवाइकांनी, सहकाऱ्यांनी, अगदी साहित्याच्या प्राध्यापकांनीही विचारला आहे. प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून उत्तरही नीट द्यायला हवं. आजची प्रेमकादंबरी आतून कशी चालते, ती कुठे फसते आणि मला त्यातलं काय पटतं, ते इथे सांगते.

आधी व्याख्या. ज्यात प्रेम आहे ती प्रत्येक कादंबरी प्रेमकादंबरी नसते. इंग्रजीत 'रोमान्स' म्हणून जे विकलं जातं त्याच्या दोन अटी असतात. 'रोमान्स रायटर्स ऑफ अमेरिका' ही लेखिकांची संघटना १९८० साली ह्यूस्टनमध्ये सुरू झाली. तिच्या व्याख्येनुसार कथेच्या केंद्रस्थानी प्रेमकहाणी हवी, आणि शेवट मनाचं समाधान करणारा, आशा जागवणारा हवा. पहिली अट म्हणजे ती प्रेमकहाणी काढून टाकली तर मागे कादंबरीच उरता कामा नये. दुसऱ्या अटीत लग्न, मंगळसूत्र, पाळणा असं काही नाही. वाचकांच्या बोलीत याचे दोन प्रकार आहेत: 'हॅपिली एव्हर आफ्टर', म्हणजे जन्माची गाठ, आणि 'हॅपी फॉर नाउ', म्हणजे निदान आत्ता तरी ही दोघं एकमेकांची आहेत आणि पुढचं बरं दिसतंय. 'कंटेम्पररी' म्हणजे गोष्ट आजच्या काळातली. राजेरजवाडे नाहीत, भुतंखेतं नाहीत, नोकरी आहे, घरभाडं आहे, फोन आहे.

शेवट आधीच ठरलेला असणं ही या प्रकाराची लबाडी आहे असं मानलं जातं. मला तो वाचकाशी केलेला करार वाटतो. रहस्यकथेत खुनी सापडणार हे आपण गृहीत धरतोच. आणि आपल्याकडे तर ही गोष्ट मुळीच नवी नाही. एकनाथांचं रुक्मिणीस्वयंवर घ्या. लग्न जुळावं म्हणून मुलींनी त्याची पारायणं करायची पद्धत कित्येक घरांत होती. रुक्मिणीला कृष्ण मिळणार हे पोथी उघडण्याआधीच ठाऊक असतं. तरी रुक्मी आडवा येतो, शिशुपाल वऱ्हाड घेऊन येतो, पत्र घेऊन गेलेला ब्राह्मण अजून परतत नाही, आणि ऐकणाऱ्या बाईचा जीव वरखाली होतो. शेवट पक्का असला की जिवाला घोर नसतो आणि लक्ष वाटेवर राहतं. काकूंचं 'निवांत' हे होतं.

मग वाटेवर काय असतं? अडथळा. माझ्या मते या सबंध प्रकाराचं मर्म या एका शब्दात आहे.

पामेला रेजिस या अमेरिकन अभ्यासिकेनं २००३ साली प्रेमकादंबरीच्या रचनेवर पुस्तक लिहिलं. तिच्या मते अशा प्रत्येक कादंबरीत आठ गोष्टी सापडतात: ज्यात ही दोघं जगतात तो समाज, त्यांची भेट, त्यांच्यातला अडथळा, ओढ, प्रेमाची कबुली, सगळं संपलं असं वाटण्याचा क्षण, डोळे उघडणं, आणि शेवटी एकमेकांना दिलेला शब्द. क्रम मागेपुढे होतो, एखादी गोष्ट दोनदाही येते. यातल्या 'सगळं संपलं' या क्षणाला ती विधिवत मरणाचा क्षण म्हणते. पण आठातल्या सात गोष्टी तिसऱ्या गोष्टीच्या जोरावर उभ्या असतात. अडथळा लेचापेचा असला की ओढ खोटी वाटते आणि कबुली फुकटची.

अडथळे दोन जातींचे असतात. एक बाहेरचा: घराणं, पैसा, कायदा, आईबाप, अंतर. दुसरा आतला: भीती, अहंकार, जुनी जखम, स्वतःबद्दलची चुकीची समजूत. जेन ऑस्टिनच्या १८१३ सालच्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस'मध्ये हे दोन्ही इतके एकजीव झाले आहेत की दोनशे वर्षांनंतरही लेखिका त्याच विहिरीचं पाणी काढतात. बेनेट बहिणींना बापाचं घर मिळणार नाही, ते दूरच्या पुरुष नातेवाइकाकडे जाणार. म्हणजे लग्न हा पोटाचा प्रश्न आहे. आणि तरीही एलिझाबेथ डार्सीसारख्या श्रीमंताची पहिली मागणी धुडकावते, कारण मागणी घालतानाही तो तिच्या घरच्यांची लायकी काढतो. मग त्याचं पत्र येतं. ते ती पुन्हा पुन्हा वाचते आणि आपणही माणूस पारखायला चुकलो हे तिला उमगतं. बाहेरचा अडथळा पैशाचा होता, पण निरगाठ आत होती.

आता आजच्या लंडन-न्यूयॉर्कच्या कादंबरीत या. घराणं आडवं येत नाही. बाई कमावती आहे, घटस्फोट ही लाजेची बाब राहिलेली नाही, लग्नाआधी एकत्र राहता येतं. प्रत्येकाच्या खिशात फोन आहे, म्हणजे दोन ओळींचा मेसेज टाकला की जुन्या पद्धतीची अर्धी कादंबरी आटोपते. बाहेरचे अडथळे विरघळत गेले. म्हणूनच मी म्हणते की प्रेमकादंबरीच्या सगळ्या पोटप्रकारांत आजच्या काळातली लिहायला सर्वांत अवघड. जे काही आडवं घालायचं ते दोघांच्या मनातून उपसून काढावं लागतं, आणि ते खरं वाटावं लागतं.

हेलन होआंग हिची २०१८ सालची 'द किस कोशंट' मला याच कारणासाठी फार आवडते. नायिका स्टेला आकडेमोडीत जगणारी, ऑटिझम असलेली बाई. स्पर्श तिला झेपत नाही, आणि दोष आपल्या नवखेपणाचा आहे अशी तिची समजूत. म्हणून ती शरीरसंबंधाच्या शिकवणीसाठी एका एस्कॉर्टला, म्हणजे पैसे घेऊन सोबत करणाऱ्या पुरुषाला, मायकेलला, बोलावते. त्याला वाटतं आपण हिच्या लायकीचे नाही. तिला वाटतं आपण कुणाच्याच लायकीचे नाही. दोघांमध्ये बाहेरचं कुणी उभं नाही. तरी ती भिंत किती जाड आहे हे पानापानाला जाणवतं. होआंगला स्वतःला ऑटिझमचं निदान मोठेपणी झालं. ते ठाऊक नसतं तरी स्टेला तितकीच खरी वाटली असती, कारण कपड्याची शिवण अंगाला टोचणं यासारखी बारीक गोष्टही होआंग सोडत नाही.

एमिली हेन्रीच्या २०२० सालच्या 'बीच रीड'मध्ये तर अडथळा हा शेवटाबद्दलचाच आहे. ती सुखान्त प्रेमकथा लिहिणारी, तो गंभीर साहित्यिक, मिशिगनच्या किनाऱ्यावर शेजारी राहतात. वडील वारल्यावर त्यांचं दुसरं घर, दुसरं नातं तिच्यासमोर येतं आणि तिचा सुखान्तावरचा विश्वास उडतो. ज्या बाईला स्वतःच्या लिखाणातला शेवट खोटा वाटू लागलाय तिला प्रेमात कसं पाडायचं, हा प्रश्न मला पुरेसा खोल वाटतो.

आता नुसतं सांगत बसण्यापेक्षा एक गोष्ट बांधून दाखवते. तिला डोंबिवलीत बसवू.

चाळीस वर्षांची, चार मजल्यांची इमारत. मृण्मयी स्ट्रक्चरल इंजिनीअर. सोसायटीचं ऑडिट तिच्याकडे आलंय. अभिजीत सोसायटीचा सेक्रेटरी. बंगळूरची नोकरी सोडून तीन वर्षांपूर्वी परतलाय, कारण आई गेली आणि आप्पा एकटे पडले. स्वयंपाकघराच्या भिंतीत तडा आहे. मृण्मयी स्टुलावर चढून तड्यावर आडवी एक काचेची पट्टी चिकटवते आणि तिच्यावर तारीख लिहिते. पट्टी शाबूत राहिली तर तडा जुना, थांबलेला. पट्टी तुटली तर भिंत अजून हलतेय. दर पंधरवड्याला ती पट्टी बघायला येणार.

कच्ची लेखिका इथं काय करेल? दोघं जवळ येतील, मग अभिजीत तिला हॉटेलात एका देखण्या माणसासोबत बघेल, फोन उचलणं बंद करेल, आणि साठ पानांनंतर तो तिचा मावसभाऊ निघेल. अशा गैरसमजाला माझा सक्त विरोध आहे. जे भांडण 'तो कोण होता गं?' एवढ्या एका प्रश्नानं मिटतं ते भांडणच नव्हे. आणि तो प्रश्न न विचारणाऱ्या दोन प्रौढ माणसांच्या संसाराची मला वाचक म्हणून काळजी वाटते.

पक्की लेखिका पट्टी तोडेल. आता मृण्मयीला अहवालात इमारत 'सी-१', म्हणजे अतिधोकादायक, असं लिहावं लागणार. म्हणजे सगळ्यांनी घर रिकामं करायचं. आप्पांचा पाय निघत नाही. तो ओटा त्यांनी बायकोच्या उंचीला बेतून बांधून घेतला होता. अभिजीत म्हणतो, एक महिना थांब. मृण्मयी थांबू शकत नाही. एकदा दुसऱ्या एका इमारतीत गळ घातली म्हणून तिनं अहवाल सौम्य केला होता आणि पावसाळ्यात जिन्याचा स्लॅब खाली आला. कुणी दगावलं नाही, पण तिची झोप गेली ती गेलीच. आता दोघंही बरोबर आहेत. एका मेसेजनं हे सुटत नाही. ते सुटायला अभिजीतला कबूल करावं लागेल की आप्पांच्या आडून तो स्वतःचं आयुष्य पुढे ढकलतोय. आणि मृण्मयीला शिकावं लागेल की सही करून निघून जाणं म्हणजे जबाबदारी संपणं नव्हे. ज्यांचं घर जातंय त्यांच्यापाशी बसावंही लागतं. गोष्टीच्या शेवटी ही दोघं एकत्र येणार हे मी पहिल्या पानालाच सांगितलं असतं तरी तुम्ही ती वाचली असती असं मला वाटतं.

यावरून 'ट्रोप' म्हणजे काय तेही सांगून टाकते, कारण हल्ली पुस्तकांच्या जाहिराती त्याच भाषेत येतात. ट्रोप म्हणजे ठरीव प्रसंगबांधणी: वैरातून प्रेम, मैत्रीतून प्रेम, खोटं खोटं नातं, सुटलेल्या प्रेमाला दुसरी संधी, मुक्कामाच्या खोलीत एकच पलंग. नाटकासाठी केलेलं लग्न खरं होतं, हे तर मराठी मालिका बघणाऱ्या कुणालाही नव्यानं सांगायला नको. ट्रोपला माझी हरकत नाही. खोटं नातं मला आवडतं, कारण त्यात माणसं खोट्याच्या आडोशानं खरं बोलून जातात. हरकत आहे ती ट्रोपची यादी म्हणजेच कादंबरी समजण्याला. टिकटॉकवरच्या वाचकांनी ही यादी बोलायची सवय लावली. भारतात टिकटॉकवर २०२० साली बंदी आली, पण ती सवय इन्स्टाग्रामवरून आपल्याकडे पोचलीच. पुस्तकात कोणते ट्रोप आहेत हे कळतं. ती माणसं कोण आहेत, काय काम करतात, आईशी कसं बोलतात, हे कळत नाही.

कामाचं तर मला फारच लागतं. कादंबरीत अब्जाधीश नायक आला की त्याच्या कंपनीत नेमकं काय बनतं हे क्वचितच कळतं. याउलट अॅली हेझलवूड स्वतः मेंदूविज्ञान शिकलेली असल्यामुळे तिच्या 'द लव्ह हायपोथेसिस'मध्ये प्रयोगशाळेतला निधीचा घोर, परिषदेतलं सादरीकरण, मार्गदर्शकाची सत्ता हे सगळं अंगावर येतं. माणूस दिवसाचे नऊ तास जे करतो ते बाजूला ठेवून त्याचं प्रेम कसं कळणार?

इतका साचेबंदपणा आला कुठून, याचं उत्तर धंद्यात आहे. मिल्स अँड बून ही कंपनी १९०८ साली लंडनमध्ये निघाली. प्रेमकथांपुरती ती पुढे झाली. कॅनडातली हार्लेक्विन १९४९ सालची. तिनं आधी मिल्स अँड बूनची पुस्तकं पुन्हा छापली आणि १९७१ साली कंपनीच विकत घेतली. मग दरमहा ठरलेल्या मालिकेत ठरलेल्या संख्येनं, पन्नास हजार शब्दांच्या आसपासची पुस्तकं, दूध-पेपरासारखी घरपोच. अशा वेगात साचा हवाच असतो. २००८ पासून मिल्स अँड बूनची छपाई-विक्री भारतातूनही होऊ लागली. आमच्या वाचनालयातल्या प्रती त्याच्या कितीतरी आधीच्या, हातोहात फिरून मऊ पडलेल्या होत्या.

हे वाचणाऱ्या बाया बिनडोक असतात असा समज आहे, त्याबद्दल एवढंच सांगते. जॅनिस रॅडवे या अभ्यासिकेनं १९८४ साली एका अमेरिकन गावातल्या अशा वाचक बायकांशी बोलून पुस्तक लिहिलं. त्या बायकांच्या लेखी पुस्तकात काय आहे याच्या बरोबरीनं वाचणं ही कृतीच महत्त्वाची होती. हातात पुस्तक आहे तोवर मी कुणाची बायको नाही, कुणाची आई नाही, हा वेळ माझा. दुपारी अडीच ते चार या वेळेत पंख्याखाली आडवी होऊन वाचणारी माझी मावशी मला त्यात दिसली. चारला कुकर लावायच्या आधी ती पुस्तक गव्हाच्या डब्यावर ठेवायची आणि त्याला कुणी हात लावायचा नाही.

संमतीबद्दल मात्र मला सविस्तर बोलायचं आहे. १९७२ साली कॅथलीन वुडिविसची 'द फ्लेम अँड द फ्लॉवर' ही ऐतिहासिक प्रेमकादंबरी आली आणि प्रचंड खपली. त्यात नायक सुरुवातीलाच नायिकेवर बलात्कार करतो, आणि पुढे तेच तिचं प्रेम. त्या काळच्या कितीतरी पुस्तकांत हे सर्रास होतं. बाईला इच्छा आहे असं उघड लिहिणं लाजिरवाणं मानलं जात होतं, म्हणून तिच्यावर जबरदस्ती करून तिला 'निर्दोष' ठेवायचं, असं त्याचं स्पष्टीकरण देतात. स्पष्टीकरण मला समजतं. ती पानं मला वाचवत नाहीत. आजच्या चांगल्या कादंबरीत नायक विचारतो, थांबतो, पुन्हा विचारतो, आणि त्यानं प्रसंगातली ओढ तसूभरही कमी होत नाही. उलट 'चालेल?' या प्रश्नापाशीच श्वास अडकतो. गेल्या पन्नास वर्षांत या प्रकारानं कमावलेली ही सर्वांत मोठी गोष्ट आहे असं मी मानते.

म्हणूनच कोलीन हूव्हरची 'इट एंड्स विथ अस' प्रेमकादंबरी म्हणून विकली गेली याचा मला राग आहे. ती २०१६ ची कादंबरी आहे, काही वर्षांनी समाजमाध्यमांवरून तिला उधाण आलं. नवरा मारतो, बाई मुलगी झाल्यावर त्याला सोडते, अशी ती गोष्ट. वाईट गोष्ट नव्हे. बाई पुन्हा पुन्हा माफ का करते हे तिच्यात नीट उतरलंय. पण ती हिंसेची कादंबरी आहे. गुलाबी मुखपृष्ठ बघून, मन रमवायला म्हणून ती हातात घेणाऱ्या, स्वतः मार खाल्लेल्या बाईचं काय होत असेल? आता तर रंगीत व्यंगचित्रासारखी मुखपृष्ठं सगळ्याच प्रेमकादंबऱ्यांना असतात. आत नुसता हात धरलाय की सविस्तर शय्याप्रसंग आहेत, बाहेरून काही कळत नाही. माझ्या एका मैत्रिणीनं आठवीतल्या मुलीला असंच एक गोंडस पुस्तक वाढदिवसाला दिलं आणि दोन दिवसांनी स्वतः वाचून कपाटात वर ठेवलं. पुस्तकात काय आहे ते आधी सांगणं ही या प्रकाराची पहिली सभ्यता आहे.

आणि कुणाची प्रेमं? फार वर्षं नायक-नायिका गोरेच. गंमत नव्हे, दुःखाची गोष्ट अशी की १९८० च्या ज्या संघटनेचा वर उल्लेख केला तिच्या स्थापनेत व्हिव्हियन स्टीफन्स ही कृष्णवर्णीय संपादिका पुढे होती. वंशभेदावरून संघटनेत मोठा वाद पेटल्यानंतर २०२० साली तिच्या पुरस्काराला स्टीफन्सचं नाव मिळालं. २०२४ साली संघटनेनं दिवाळखोरीचा अर्ज केला. आपल्या लोकांसाठी मला सोनाली देव यांचं नाव घ्यावंसं वाटतं. २०१९ साली आलेल्या त्यांच्या ऑस्टिनवर बेतलेल्या कादंबरीत कॅलिफोर्नियातलं राजे आडनावाचं संस्थानिक वंशाचं कुटुंब आहे, आणि ऑस्टिनमधला तो घराण्याचा ताठा इथं नायिकेकडे, न्यूरोसर्जन तृषा राजेकडे आलाय. नायक स्वयंपाकी आहे. बाईच्या अहंकाराला वाकवायचं पण तिच्या कर्तबगारीला नाही, हे देव यांनी फार नाजूकपणे केलंय.

मराठीत मात्र आजच्या काळातली प्रेमकादंबरी आम्ही अर्ध्यावर सोडली असं मला वाटतं. ना. सी. फडके यांनी ती लोकप्रिय केली, आणि १९३१ साली 'प्रतिभासाधन' लिहून कादंबरी बांधायची कशी यावर गंभीरपणे विचारही केला. नंतर चंद्रकांत काकोडकर घरोघरी वाचले गेले. त्यांची 'श्यामा' १९६२ साली 'रंभा'च्या दिवाळी अंकात आली, अश्लीलतेचा खटला झाला, आणि १९६९ साली सर्वोच्च न्यायालयानं त्यांना निर्दोष सोडलं. योगिनी जोगळेकर, शैलजा राजे यांच्या कादंबऱ्या वाचनालयांतून झिजेपर्यंत फिरल्या. पण समीक्षेनं या सगळ्याला 'लोकप्रिय' म्हणून एका खोलीत कोंडलं. आज 'प्रतिलिपी' या ऑनलाइन मंचावर मराठी बायका क्रमशः प्रेमकथा लिहितात, वाचक भागाची वाट बघत असतात, आणि त्यांना संपादक नाही. एका तरी जाणत्या संपादकानं त्यांच्या अडथळ्यांवर लाल पेन चालवलं असतं तर केवढं काम झालं असतं!

कारण ज्याच्यासाठी इंग्रजी लेखिका तडफडतात ते बाहेरचे अडथळे आपल्याकडे जिवंत आहेत. जात आहे. 'आमच्यात चालत नाही' आहे. दोन खोल्यांच्या घरात एकान्त नाही. विशेष विवाह कायदा १९५४ चा. त्यानुसार नोटीस दिली की ती विवाह अधिकाऱ्याच्या कार्यालयात फलकावर लागते आणि हरकतींसाठी तीस दिवस थांबावं लागतं. तीस दिवस दोघांची नावं-पत्ते येणाऱ्याजाणाऱ्याच्या डोळ्यांसमोर! एकेक दिवसाचं एकेक प्रकरण करून कुणी ही कादंबरी का लिहीत नाही, असं माझ्या कितीदा मनात येतं.

अडचण एक आहे, शरीराच्या भाषेची. 'चुंबन' म्हटलं की पाठ्यपुस्तक उघडतं. 'मुका' लावणीतला, नाहीतर बाळाचा. 'पापी' तर बाळाचीच. उरतं 'किस', जे सगळे बोलतात आणि छापायला कचरतात. माझं मत विचाराल तर 'किस' बेलाशक छापावं, आणि बाकी भार साध्या शब्दांवर टाकावा. कानाची पाळी, मानेवरचा घाम, मनगटावरची नाडी, उशीवरचा केस. हे शब्द आपलेच आहेत, त्यांना ना संस्कृतचा वास ना शिवीचा.

त्या बदल्यात मराठीनं जे दिलंय ते इंग्रजीला मागूनही मिळणार नाही. हल्लीच्या इंग्रजी कादंबऱ्यांत एक प्रकरण तिच्या तोंडून, एक त्याच्या तोंडून असतं, आणि कोण बोलतंय ते कळायला वर नाव छापावं लागतं. आपल्याकडे 'मी आले' आणि 'मी आलो', काम झालं. आणि इंग्रजी नायक पहिल्या भेटीपासून शेवटच्या पानापर्यंत सगळ्या जगाला एकाच सर्वनामानं हाक मारतो. आपल्याकडे तुम्हीवरून तूवर यायला दीडशे पानं लागू शकतात, आणि ती दीडशे पानं म्हणजेच प्रेम.

मृण्मयी पाचव्यांदा पट्टी बघायला आलीय. इतके दिवस 'मॅडम, चहा घेणार का?', 'नको, पुढे अजून एक साइट आहे', एवढंच चाललंय. ती स्टुलावर चढते. स्टुलाचा एक पाय आखूड आहे, आप्पा त्याखाली पुठ्ठा घालायचे, आज पुठ्ठा नाही. स्टूल डुगडुगतं.

"अगं, पडशील!"

अभिजीतनं स्टूल दोन्ही हातांनी धरलंय. 'मॅडम, पडाल' म्हणायला हवं होतं हे दोघांनाही कळलंय. आतल्या खोलीत आप्पांचा रेडिओ चालू आहे. मृण्मयी वरच थांबते. पट्टी मधोमध तुटलीय. ती जुनी पट्टी काढते, शेजारी नवी चिकटवते, खिशातून मार्कर काढून तारीख लिहिते. हात जरा हलतो आणि तारखेतला सात वाकडा येतो.

पुढचे पंधरा दिवस अभिजीत ओट्यापाशी उभा राहून तो सात बघणार आहे.